जीन्स तेच, तरी फरक पडतो
वर कुणीतरी म्हटलंय की घराण्यातच शुगर असेल तर पथ्य पाळून काय उपयोग, ते मला अजिबात पटत नाही. जीन्स बदलत नाहीत हे खरं, पण कुठला जीन किती काम करणार हे डीएनएला चिकटणाऱ्या मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणांवरही ठरतं. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी रसद तोडली आणि उपासमार झाली, तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीत ग्लुकोज टेस्ट केली तर साखर जास्त निघाली, आणि ज्यांची गर्भधारणाच त्या काळातली त्यांच्या आयजीएफ२ या वाढीशी संबंधित जीनवर साठ वर्षांनीही भावंडांपेक्षा खुणा कमी होत्या (डायबेटिस त्यामुळेच झाला हे मात्र सिद्ध नाही हं). आणि बैठ्या माणसांनी एकदाच दमदार व्यायाम केला तरी स्नायूंमधल्या काही जीन्सवरच्या खुणा तात्पुरत्या कमी होतात, मग रोज केला तर?