फलकापेक्षा पावती आधी नीट करा
रुग्णालयाच्या ट्रस्टला देणगी देणाऱ्याचं नाव फलकावर किती रकमेपासून घालायचं, यावर बराच खल होतो. पण घोळ होतो तो पावतीपाशी. पावती फाडतानाच फलकावरचा मजकूर देणगीदाराकडून लिहून घ्या, ‘कै.’, ‘स्मरणार्थ’ सकट. ग्रॅनाइटवर वेलांटी चुकली की अख्खी पाटी बदलावी लागते, म्हणून कोरण्याआधी प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवून होकार घ्या. गुप्तदान म्हणजे फलकावर नाव घालायचं नाही, एवढंच. वहीत नाव-पत्ता हवाच, नाहीतर निनावी देणगीवर ट्रस्टला कर बसू शकतो. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, हेही पैसे घेण्याआधीच सांगावं. आणि खाटेला किंवा वॉर्डाला नाव देताना मुदत लेखी ठरवा. नूतनीकरणात जुनी पाटी निघाली की वारसदार भांडायला येतात, आणि ते चूक नसतात.