केणीला बंदर झालं तर वॉर रिस्कचा भार सुटेल का?

उद्यमबागकर:
फौंड्रीचं कास्टिंग न्हावा-शेवाहून युरोपला जातं. आता अंकोल्याजवळ केणीला जेएसडब्ल्यूचं बंदर येतंय. ट्रकभाडं वाचेल हे कळतंय, पण तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागल्यापासून फॉरवर्डर (माल पाठवून देणारा एजंट) कोटेशनात वॉर रिस्क, म्हणजे युद्धजोखमीचा जादा आकार लावतो. बंदर जवळ आलं तर तो सुटेल का? आणि नव्या बंदराला सुरक्षेचा खर्च झेपतो का ओ?

घाटाखालचा:
नाही सुटायचा. वॉर रिस्क मार्गावर लागतो. लंडनच्या विमेवाल्यांची जॉइंट वॉर कमिटी धोक्याच्या समुद्रांची यादी काढते. त्या पट्ट्यात शिरायचं तर जहाजाच्या किमतीवर टक्केवारीने जादा प्रीमियम, बहुधा सात दिवसांपुरता. जहाज केणीहून सुटो नाहीतर मुंबईहून, सुएझला जायचं तर तांबड्या समुद्राच्या तोंडाची बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी चुकत नाही. चुकवायचं तर केप ऑफ गुड होपचा वळसा, दहा-चौदा दिवस जादा. बोट केपमार्गे जात असेल तर वॉर रिस्क कशाबद्दल, हे फॉरवर्डरला लेखी विचारा. कधी कधी वॉर रिस्क आणि केपच्या वळशाचा, असे दोन्ही आकार एकाच बिलात बसवतात बघा.

धोक्याची रेघ किनाऱ्यापर्यंत आली तर मात्र फटका थेट बंदरांना. सोमाली चाच्यांमुळे २०१० मध्ये ‘हाय रिस्क एरिया’ ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत ताणला आणि आपला पश्चिम किनारा त्यात गेला. इथे येणाऱ्या जहाजाला जादा विमा, वर बंदूकधारी पहारेकरी. जहाजं किनाऱ्याला खेटून जाऊ लागली, मच्छीमारांच्या वाटेत आली. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ ‘एनरिका लेक्सी’ ह्या इटालियन तेलवाहू जहाजावरून दोन मच्छीमारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो प्रकार ह्याच काळातला. भारताने पाठपुरावा केल्यावर डिसेंबर २०१५ला रेघ ६५ अंशांवर सरकली, आणि १ जानेवारी २०२३ला तो पट्टाच रद्द झाला.

बंदरवाला:
दुसऱ्या प्रश्नाचं: झेपतो, पण माल असेल तर. आयएसपीएस कोड, म्हणजे जहाज-बंदर सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय नियम, १ जुलै २००४ पासून लागू आहे. सुरक्षा मूल्यांकन, मंजूर आराखडा, नेमलेला सुरक्षा अधिकारी, कुंपण, गेटवर तपासणी, कॅमेरे, हे सगळं पहिल्या जहाजाच्या आधी हवं. वर्षाला पाच हजार कंटेनर आले काय, पाच लाख आले काय, यातला बराचसा खर्च तेवढाच. म्हणून लहान बंदरात पेटीमागे आकार जड होतो आणि फीडर लाइन (मोठ्या बंदरापर्यंत पेट्या नेणाऱ्या लहान बोटी) फिरकत नाही. त्यात जहाजाला मागच्या दहा बंदरांची सुरक्षा-नोंद ठेवावी लागते. एका बंदरात ढिलाई असली की पुढच्या बंदरात कसून तपासणी, वेळ गेला. कुठला कॅप्टन ही जोखीम घेईल?

केणीचा भर बल्लारीकडच्या कोळसा-खनिजावर दिसतो. कंटेनरची आशा इतक्यात धरू नका. जवळच्या कारवार बंदराची गोष्ट आणखी वेगळी: शेजारी नौदलाचा कदंब तळ, आणि जानेवारी २०२० मध्ये बंदर वाढवायचं काम सुरू होताच मच्छीमार रस्त्यावर उतरले.

सीलपट्टी:
तोवर हातात आहे ते करा. कारखान्यात पेटी भरताना आयएसओ १७७१२ची ‘हाय सिक्युरिटी’ बोल्ट सील आणि कस्टमची आरएफआयडी ई-सील (रेडिओ चिपची सील). सील उजव्या दाराच्या कडीला. लावल्यावर खाली ओढून, पिळून बघा. ई-सीलचा नंबर शिपिंग बिलाशी (निर्यातीच्या कस्टम कागदाशी) अंकन् अंक जुळवा. एक आकडा चुकला तर पेटी गेटवर अडकते, उघडून तपासतात, बोट चुकते आणि डिटेन्शन, म्हणजे पेटी जादा दिवस अडकवल्याचा आकार, वर. भरलेली पेटी, बंद दार, सीलचा नंबर असे तीन फोटो ट्रक हलण्याआधी सीएचएला (कस्टम एजंटला) पाठवा.