नातवंडांना गाणी ऐकायला छोटा प्लेयर घ्यायचाय (फोन नको), कुठला घेऊ?

भडंग_प्रेमी

नमस्कार मंडळी. मोठ्या नातवाची दहावी झाली, मार्क छान पडले आणि आता अकरावीला लातूरला निघालाय, नीटची तयारी, हॉस्टेलवर राहणार. तिथे स्मार्टफोन अजिबात चालत नाही, घरी बोलायला साधा बटनांचा फोन आणि तोही रेक्टरकडे जमा. पोराला गाण्याशिवाय चैन नाही, जेवताना सुद्धा एका कानात वायर असते. त्याच्या आईचं म्हणणं दोन वर्षं गाणी नाही ऐकली तर काय बिघडतं, माझं म्हणणं बिघडतं. म्हणून एक छोटा प्लेयर घेऊन द्यावा असं मनात आहे, नुसती गाणी वाजवणारा, त्यात इंटरनेट नको नि रील नको.

आता एकाला घेतलं की दुसरीला घ्यावंच लागणार नाहीतर आजी दादाचेच लाड करते हे वर्षभर ऐकावं लागेल. नात तेरा वर्षांची, पुण्यात कोथरूडला असते, तिचा स्वतःचा फोन अजून नाही, आईचा घेते आणि सोडत नाही. ती ते कोरियन बीटीएस वगैरे ऐकते. दोघांचं मिळून बजेट बारा हजार.

इथे सांगलीत दुकानात विचारलं तर म्हणे आजी असलं आता कोण घेतंय, ब्लूटूथ स्पीकर न्या. ऑनलाइन बघितलं तर ढीगभर प्रकार, नावं कधी न ऐकलेली, कुणी १२८ जीबी म्हणतंय कुणी हायफाय कुणी लॉसलेस. बँकेत नोकरी झाली माझी, कॉम्प्युटरला घाबरत नाही, पण यात नक्की काय बघून घ्यायचं ते कळेना. दोघांना एकच घ्यावा का वेगवेगळा तेही सांगा.

---

पेनड्राइव्ह_पाटील

आजी, प्लेयर कुठला हा नंतरचा प्रश्न, त्यात गाणी कोण भरणार आणि कुठून आणणार हे आधी ठरवा. आत्ताच्या पोरांकडे गाण्याच्या फाइली नसतातच, सगळं स्पॉटिफाय नाहीतर जिओसावनवर. तिथे 'डाउनलोड' केलं तरी ते गाणं त्या ॲपच्या आतच कुलूपबंद राहतं, उचलून दुसरीकडे टाकता येत नाही, आणि स्पॉटिफायला तर तीस दिवसांतून एकदा तरी नेट दाखवावं लागतं नाहीतर डाउनलोड केलेलं पण वाजत नाही. म्हणजे तुम्ही छान डबा घेऊन दिला आणि रिकामाच दिला तर तो लातूरला ट्रंकेत पडून राहणार.

आता प्रकार म्हणाल तर ढोबळ तीन. एक म्हणजे सोनीचा आत्ताचा वॉकमन, एनडब्ल्यू-ए३०६, नाव वॉकमन पण आत चक्क ॲन्ड्रॉइड, वायफाय लावून स्पॉटिफाय युट्यूब सगळं चालतं. २०२३ मध्ये आपल्याकडे आला तेव्हाच पंचवीस हजारांच्या वर होता, म्हणजे बजेट गेलं आणि हॉस्टेलवाले तो फोनच समजणार. दुसरा प्रकार दोन-चार हजारवाले बिननावाचे, बटनं, लहानसा स्क्रीन, एफएम, रेकॉर्डर. वाजतात बरे पण मेमरीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, सोबत जे मेमरी कार्ड फुकट देतात ते बऱ्याचदा खोटं निघतं, लिहिलेलं १२८ आणि खरं त्याच्या पाव. कार्ड चांगल्या कंपनीचं वेगळं घ्या आणि कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे त्याने एकदा पूर्ण भरून तपासा, वेळ लागतो पण खोटं कार्ड हमखास पकडलं जातं.

तिसरा प्रकार मधला, फियो, हायबी, शानलिंग असल्या कंपन्या. चिनीच आहेत पण गाण्याच्याच वस्तू बनवतात. फियोचा स्नोस्काय इको मिनी म्हणून एक आलाय, दिसायला जुन्या कॅसेट प्लेयरसारखा, टच नाही, वायफाय नाही, वायरचं भोक आहे, ब्लूटूथ आहे, मेमरी कार्ड बसतं. बाहेर साठ डॉलरच्या आत आहे, इकडे दुकानागणिक भाव वेगळा पडतो तेवढं बघून घ्या. मी नातवासाठी हाच बघेन.

लॉसलेस (म्हणजे आवाजातलं काहीही न गाळलेल्या मोठ्या फाइली) वगैरेच्या नादी लागू नका. ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची, एमपी३ पाच मिनिटांच्या गाण्याला साधारण १२ एमबी घेते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात अडीच हजार गाणी आरामात. हॉस्टेलवर चहाच्या टपरीवरच्या कालव्यात कुणाला फरक कळतोय.

---

बार्शी_रोड

मी अकरावी-बारावी लातूरलाच केलीय म्हणून सांगतो. आजी सगळ्यात आधी रेक्टरला फोन लावा. प्रत्येक हॉस्टेलचा कायदा वेगळा, कुठे कानात काही दिसलं की जप्त आणि मग पालक आल्याशिवाय परत नाही, कुठे रविवारी चालतं, कुठे रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास. विचारताना 'एमपी३ प्लेयर चालेल का' एवढंच विचारू नका कारण समोरचा नाहीच म्हणणार, कॅमेरा नाही, सिम नाही, वायफाय नाही, फक्त गाणी, हे सगळं एका दमात सांगा. रेकॉर्डर असला तर तेही सांगा, तो लेक्चर रेकॉर्ड करायला कामाला येतो हे म्हटलं की आवाज जरा मऊ होतो.

बॅटरी जास्त वेळ टिकणारी बघा. आमच्या रूमला चौघांत एकच प्लग होता, त्यावर मच्छरचं मशीन, एकाचा टेबल लॅम्प आणि वरून एक्स्टेन्शन बोर्ड आणलेला चालत नव्हता, चार्जिंगला नंबर लावायचो.

ब्लूटूथवाले इयरबड देऊ नका, ते एक चार्ज करायचं अजून वाढतं आणि एक बड गादीखाली गेला की संपला. वायरवाला द्या, दोन द्या, एक कुणीतरी मागून नेणारच. एफएम ऐकायचा असेल तरी वायर लागतेच, तीच अँटेना असते.

आणि त्याच्या आईला सांगा, तिथे रविवारी पेपर झाला की दुपारी जो सन्नाटा असतो ना तेव्हा गाणी नसतील तर पोरं रँकची लिस्ट बघत बसतात, त्यापेक्षा गाणी परवडली.

---

उकडीचा_मोदक

आजी तुम्ही कारवां घ्या. सारेगामाचा, पाच हजार गाणी आधीच भरलेली, मराठीवाला पण मिळतो. नातवंडांना देऊ नका, स्वतःला घ्या 😄 पोरं हात लावणार नाहीत याची गॅरंटी.

जोक बाजूला ठेवा, पण घरात जुना ॲन्ड्रॉइड पडलाय का? पुण्याच्या नातीला सिम काढून तोच द्या की, वायफाय घरातलं. पैसे वाचले.

---

भडंग_प्रेमी

कारवां आहे घरी, मुलाने दिलाय, ह्यांचाच असतो दिवसभर, माझी पाळी येत नाही. जुना फोन देऊन काय उपयोग हो, तिच्या हातातला फोन सुटावा म्हणून तर हा खटाटोप.

पाटील, गाणी मी भरणार. नातवाने यादी द्यायची, मी भरायची, सुट्टीत आला की कार्ड बदलून द्यायचं. पण ती गाणी आणायची कुठून हे नाही सांगितलंत.

---

जांभळी_लाइटस्टिक

आजी तुमच्या नातीबद्दल मी सांगते कारण मी पण आर्मी आहे (म्हणजे बीटीएसची फॅन, मिलिटरी नाही 😅). तिला बिननावाचा एमपी३ प्लेयर दिला तर ती तोंडावर थँक्यू आजी म्हणेल आणि ड्रॉवरमध्ये ठेवेल, सॉरी पण खरं सांगतेय. तिला अल्बम द्या! खरा, सीडीवाला. केपॉपचे अल्बम अजून सीडीवरच निघतात आणि त्यात मोठं फोटोबुक असतं, फोटोकार्ड असतं, कुणाचं फोटोकार्ड निघेल ते आधी माहीत नसतं, मग मुली आपापसात बदलाबदली करतात, ते कार्ड पारदर्शक फोनकव्हरच्या मागे नाहीतर बाइंडरमध्ये लावतात, तिच्या वर्गात हे चालू असणारच. इकडे साधारण दीड-दोन हजारांपासून मिळतात. सोबत एक छोटा पोर्टेबल सीडी प्लेयर, ते आता परत फॅशनमध्ये आलेत, खोलीत ठेवला तरी दिसायला मस्त दिसतो. मग ती आईच्या फोनकडे बघणार नाही असं नाही, पण संध्याकाळी अल्बम लावून फोटोबुक बघत बसेल एवढं नक्की.

घेताना दोन गोष्टी बघा. काही अल्बममध्ये सीडीच नसते, नुसतं कार्ड असतं आणि ते फोनच्या ॲपवर उघडावं लागतं, बाहेरून बॉक्स सारखाच दिसतो. त्यांना प्लॅटफॉर्म अल्बम किंवा वीव्हर्स अल्बम म्हणतात, ते घेऊ नका, तुमचा सगळा हेतूच फसेल. आणि तिचा बायस कोण ते आधी तिच्या आईकडून काढून घ्या, बायस म्हणजे ग्रुपमधला तिचा सगळ्यात लाडका. सगळे सारखेच दिसतात असं तिच्यासमोर चुकूनही बोलू नका.

---

पेनड्राइव्ह_पाटील

हे भारी सुचवलं. आजी, गाणी कुठून याचं उत्तर पण त्यातच आहे, सीडी. तुमच्याकडे घरात जुन्या सीडी असतीलच, नातेवाइकांकडे पण पडून असतात, द्या म्हटलं की आनंदाने देतात. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह हजार-दीड हजारात येतो, लॅपटॉपला लावा, विंडोजच्या मीडिया प्लेयरमध्ये रिप म्हणून बटन आहे, फॉरमॅट एमपी३ निवडा, एक सीडी दहा-पंधरा मिनिटांत उतरते. नवीन इंग्रजी, हिपहॉप, स्वतंत्र बँडवाले ऐकत असेल तर बॅन्डकॅम्प नावाच्या साइटवर विकत मिळतं, तिथली फाइल सरळ तुमची, कुलूप नाही.

आता भरताना दोन कटकटी होतात त्या आधीच सांगतो. स्वस्त प्लेयरना देवनागरी अक्षरं येत नाहीत, गाण्याच्या नावाजागी चौकोन चौकोन दिसतात. गाण्याच्या फाइलमध्ये नाव, गायक हे आत लिहिलेलं असतं त्याला टॅग म्हणतात, एमपी३टॅग नावाचा फुकट प्रोग्राम घ्या आणि सगळी नावं इंग्रजी अक्षरांत करून टाका, फाइलचं नाव पण. हायबी-फियोत कदाचित हा त्रास कमी होईल पण एक मराठी गाणं टाकून आधी बघा मगच बाकीची भरा.

दुसरं म्हणजे क्रम. तुम्ही अल्बम टाकता एक ते दहा आणि प्लेयर वाजवतो सात, दोन, नऊ. कारण साधे प्लेयर नावाप्रमाणे लावत नाहीत, कार्डात ज्या क्रमाने फाइली लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून फाइलींना ०१, ०२ असे नंबर द्या आणि कार्ड रिकामं करून सगळ्या एकदम कॉपी करा, मागाहून मध्येच एखादं घुसवलं की ते शेवटी जातं.

---

कानाचा_काटा

मी श्रवण तपासणीच्या कामात आहे, तेवढ्यापुरतंच लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत असा आहे, मुलांसाठी तो ७५. आवाज तीन डेसिबल वाढला की वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. हॉस्टेलच्या गोंगाटात पोरं आवाज वाढवत नेतात तोच खरा धोका. म्हणून कानात घट्ट बसणारे रबरी टोकांचे इयरफोन द्या, बाहेरचा आवाज अडला की व्हॉल्यूम आपोआप कमी ठेवला जातो. टोकं तीन मापाची येतात, बरोबर माप बसवून बघायला सांगा, बहुतेक मुलं डब्यातलं जे लागलेलं असतं तेच वापरतात. प्लेयरमध्ये व्हॉल्यूम लिमिट असेल तर तुम्हीच लावून द्या. कानात शिट्टी वाजल्यासारखं होतंय असं कधी फोनवर म्हणाला तर ते हसण्यावारी नेऊ नका.

---

जुना_क्लिकव्हील

कुणी आयपॉड सांगितला नाही म्हणून मी लिहितो. २००१ ला आला, २०२२ ला ॲपलने शेवटचा आयपॉड टच पण बंद केला, आता मिळतो तो सगळा जुना. टीनएजर पोरांत परत क्रेझ आहे हे खरं, नातू खूष होईल. पण आजी, लांब राहणाऱ्याला द्यायला नको, आयपॉड क्लासिकमध्ये फिरणारी हार्डडिस्क असते ती पडली की गेली, नॅनोची बॅटरी फुगते, आणि गाणी भरायला ॲपलचा आयट्यून्स हा प्रोग्राम लागतो, पेनड्राइव्हसारखं ओढून टाकता येत नाही. हौस म्हणून स्वतः उघडून दुरुस्त करणाऱ्याने घ्यावा. लातूरला कोण दुरुस्त करून देणार.

---

भडंग_प्रेमी

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रेक्टरना फोन केला, बार्शी रोड म्हणाले तसंच एका दमात सगळं सांगितलं. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले रविवारी आणि रोज रात्री साडेनऊ ते दहा, अभ्यासाच्या हॉलमध्ये दिसला तर परत मिळणार नाही. चालेल म्हटलं. नातवाला तो कॅसेटसारखा दिसणारा घेते, नातीला अल्बम आणि सीडी प्लेयर. बायसचं नाव काढून घेतलंय, सुगा. तिच्या आईलाही माहीत नव्हतं, तिने वहीवर बघून सांगितलं.

एक शंका. नातवाच्या प्लेयरला टाइप सी चार्जिंग आहे आणि ह्यांच्या नवीन फोनबरोबर दोन्हीकडे सी असलेली वायर आलीय. तीच दिली तर चालेल ना, वेगळी घ्यायला नको?

---

पेनड्राइव्ह_पाटील

वेगळी द्याच. स्वस्त वस्तूंत ह्या सी-ते-सी वायरसाठी लागणारा बारीकसा भाग बऱ्याचदा बसवलेला नसतो, मग वायर लावली तरी चार्जरला कळतच नाही की समोर काही जोडलंय आणि पोरगा म्हणतो प्लेयर मेला. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्याला सी अशी वायर घ्या, आणि सोबत साधा पाच व्होल्टचा चार्जर. घरीच एकदा शून्यापासून पूर्ण चार्ज करून बघा आणि बिल जपून ठेवा, बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत सगळं तपासून होऊ दे. सीडी प्लेयर घेताना पण बॅटरी आतच आहे का सेल घालायचे ते विचारा, काही नुसते वायर लावूनच चालतात.