प्रति: कॉमेंटमधून तयार होणारं डॉक्युमेंटेशन
डॉक्सिजन (कोड आणि त्यातल्या कॉमेंट, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, वाचून माहितीची पानं बनवणारं साधन) चालवलं की डॉक्युमेंटेशन आपोआप अद्ययावत राहतं, असं वर एकांनी लिहिलंय. अर्धंच खरं आहे. फंक्शनचं नाव, पॅरामीटर (त्याला दिली जाणारी माहिती), टाइप (त्या माहितीचा प्रकार) हे डॉक्सिजन थेट कोडमधून उचलतं, ते शिळं होत नाही. पण कॉमेंटमधलं वाक्य खरं की खोटं, हे त्याला कळत नाही.

२०२४च्या खरिपात हमीभावाच्या सोयाबीन खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के झाली. लातूरकडच्या एका खरेदी केंद्राच्या प्रोग्राममध्ये मी आकडा बदलला, वरची कॉमेंट मात्र तशीच राहिली. कॉमेंटमधून निघालेली पानंच काट्यावरच्या पोराला मदतीसाठी दिलेली. त्यानं १२ वाचलं आणि दोन ट्रॉल्या माघारी धाडल्या. १४ टक्क्यांचा माल होता, घेता आला असता. अजून मनाला लागतं.

तेव्हापासून पायथनमध्ये मी डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या आतच लिहिलेल्या माहितीत) चालणारं उदाहरण लिहितोच: ओलावा १४, उत्तर ‘स्वीकारा’. पायथनमधलं डॉकटेस्ट हे साधन ते खरोखर चालवून पाहतं. उत्तर जुळलं नाही तर टेस्ट पडते. रस्ट या भाषेतही ‘कार्गो टेस्ट’ ही कमांड डॉक्युमेंटेशनच्या कॉमेंटमधली उदाहरणं चालवतं. सी++वाल्यांना ही सोय डॉक्सिजनमध्ये नाही, तिथे रिव्ह्यू करताना कॉमेंटही वाचावीच लागते. आणि मर्यादेचा आकडा कॉमेंटमध्ये पुन्हा लिहूच नका, कॉन्स्टंटचं, म्हणजे कोडमध्ये त्या आकड्याला दिलेलं, नाव द्या.