वुडवर्थचं रंधा मशीन: पेटंटने धंदा वाढवला की २८ वर्षं अडवून ठेवला?

भुसा_उडवणारा: माझं मत, अडवला. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या विल्यम वुडवर्थने १८२८ला अमेरिकेत रंधा मशीनचं पेटंट घेतलं, फिरत्या सिलिंडरला पाती आणि फळी दाबून पुढे सरकवणारे रोलर. १८४२ला संपायला हवं होतं तर ७ वर्षं वाढवून मिळाली, वर १८४५ला थेट काँग्रेसकडून आणखी ७, म्हणजे १८५६ उजाडलं! वुडवर्थ तर १८३९लाच गेला, पुढची मलई हक्क विकत घेतलेल्यांची.

जुनी_वखार: अडवला कसला? १८३४ला टॉमस डॅनियल्सने वेगळंच मशीन काढलं की. उभ्या दांड्याला आडवे हात, त्यांच्या टोकाला पाती, आणि लाकूड सरकत्या टेबलावर पक्कं आवळलेलं. रोलरची भानगडच नाही. आणि वाकडी फळी सरळ करायला तेच बरं, रोलरखाली ती दबून सपाट होते नि बाहेर आली की परत वाकडी. पेटंटची अडचण नसती तर डोकं चालवलं असतं का कुणी?

भुसा_उडवणारा: अहो पण डॅनियल्स हळू चालायचं. फ्लोअरिंगच्या फळ्या टंग-ग्रूव्हसकट (एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते ते) धडाधड काढायच्या तर वुडवर्थच लागायचं, म्हणून तर हक्कवाले डोक्यावर बसले.

कोर्टकचेरी: किती बसले ते ऐका. पाती ६०-९० दिवसांत झिजायची, बाकी मशीन वर्षानुवर्षं टिकायचं, आणि यांचं म्हणणं काय तर पाती बदलली म्हणजे नवीन मशीन बनवलं, आमचा हक्क मोडला!! १८५०ला विल्सन विरुद्ध सिम्पसन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही दुरुस्ती आहे, रीतसर मशीन घेतलेला माणूस ती करू शकतो. कार्ट्रिज परत भरू न देणाऱ्या प्रिंटर कंपन्यांचे हे हक्कवाले पणजोबाच.

जुनी_वखार: हे मात्र अति होतं, मान्य. पण कोर्टाने हाणून पाडलंच ना.

सागवानी: सगळे अमेरिकेतच अडकलात. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथमने १७९३लाच लाकूडकामाच्या मशीनवर भलंमोठं पेटंट घेतलेलं. मग पोर्ट्समथच्या नौदल गोदीत ब्रुनेल या इंजिनियरने आखलेली नि मॉडस्ले या यंत्रकाराने बनवलेली मशीनं आली, जहाजाचे दोर ओढायच्या कप्प्या करायला, ११० जणांचं काम १० जणांत, १८०८ला वर्षाला १,३०,००० कप्प्या. पण तिथे गिऱ्हाईक नौदल. बाहेरच्या सुताराला स्वस्तात हात मिळत होते, तो कशाला मशीन घेईल? अमेरिकेत लाकूड मुबलक आणि माणूस महाग. धंदा त्याने वाढला, पेटंटचं काय घेऊन बसलात.

भुसा_उडवणारा: मग मी काय म्हणतोय? माणूस महाग होता म्हणूनच मशीन धरून ठेवणाऱ्याला वाट्टेल ते मागता आलं.