मदत हवी आहे: लोकल पी२ चा स्पेक्ट्रम, ह-बार = २ पायला दुरुस्तीचा गुणांक अनंताला जातो

मंडळी, तीन रात्री एकाच वजाबाकीत अडकलोय. लोकल पी२ म्हणजे स्ट्रिंग थिअरीतली एक भूमिती; तिच्याशी जोडलेल्या क्वांटम ऑपरेटरच्या ऊर्जापातळ्या (स्पेक्ट्रम) काढतोय.

ऑपरेटर दिसायला साधा आहे: एक्स्प(एक्स) + एक्स्प(पी) + एक्स्प(−एक्स−पी), ह-बार = २ पाय. एक्स म्हणजे स्थान, पी म्हणजे संवेग, ह-बार म्हणजे प्लांकचा स्थिरांक, इथे हवा तसा बदलता येणारा. (३.१४ वाला पाय, चालायचे नव्हेत.) हार्मोनिक ऑसिलेटरच्या बेसिसमध्ये मॅट्रिक्स मांडून डायगोनलाइझ केली, म्हणजे तिच्या आयगेनव्हॅल्यू (ऑपरेटरच्या शक्य किमती) काढल्या. आयगेनव्हॅल्यूचा लॉग म्हणजे ऊर्जा ई. तळाची पातळी २.५६२६, पुढची ३.९१८२१, मग ४.९११७९. आकड्यांवर माझा भरवसा आहे, कारण एक्स्प(−ई) ची बेरीज हळूहळू १/९ कडे जाते आणि ग्रासी, हात्सुदा, मारिन्यो यांच्या २०१४ च्या अटकळीतूनही नेमकं तेच येतं.

आता बोर-सोमरफेल्ड, म्हणजे पातळ्यांचं जुनं अंदाजे सूत्र, लावून बघा:

९ई²/२ − पाय²/२ − ह-बार²/८ = २ पाय × ह-बार × (एन + १/२)

एन = ०, १, २ घेऊन यातून २.५६५१, ३.९१८२५, ४.९११७९ मिळतात. वर छान जुळतं, तळाला तिसऱ्याच दशांशाला घसरतं. उरलेला फरक एक्स्प(−३ई) च्या पदांनी भरून निघायला हवा. ती पदं नेक्रासोव्ह-शटाश्विली लिमिटमधून (टोपोलॉजिकल स्ट्रिंगच्या सूत्रांची एक खास मर्यादा) काढली, तर पहिल्याच गुणांकात साइन(३ह-बार/२) भागिले साइन²(ह-बार/२). ह-बार २ पाय केला की गुणांक अनंताला, म्हणजे तिथे ध्रुव (पोल), आणि संपलं.

उपाय वाचलाय: एक्स्प(−६ पाय ई/ह-बार) ही नॉन-पर्टर्बेटिव्ह पदं मिळवायची. ह-बारच्या घातांच्या मालिकेत ती कधीच दिसणार नाहीत, पण ह-बार = २ पायला दोन्ही जातींच्या पदांचे घातांक एकच होतात आणि ध्रुव एकमेकांना मारतात. एबीजेएम या त्रिमितीय क्षेत्र-सिद्धांताच्या हिशोबात हे २०१२ मध्येच दिसलं होतं. माझ्याकडे मात्र ध्रुव मरण्याऐवजी दुप्पट झाले!

दुसरं जास्त छळतंय. अशी नॉन-पर्टर्बेटिव्ह पदं एरवी इन्स्टँटनमधून, म्हणजे बोगद्यातून जाण्याच्या वाटेतून येतात. डबल वेलमध्ये तो कळतो, दोन खळगे आणि मधून बोगदा. इथे खळगा एकच, एक्स = पी = ० ला, किंमत ३. मग कण बोगद्यातून जातो कुठे? माझा अंदाज असा की एक्समध्ये २ पाय आय मिळवला तरी एक्स्प(एक्स) तोच राहतो, म्हणून वाट कॉम्प्लेक्स दिशेने असावी. आणि ह-बार = ४ पाय घेतला तर 'दुरुस्ती' एक्स्प(−१.५ई), म्हणजे मूळ पदाहून मोठी. मग कोण कोणाची दुरुस्ती?

भर: दुप्पट ध्रुवांचा दोष सापडला. बी-फील्ड या स्ट्रिंग थिअरीतल्या क्षेत्रामुळे येणारं (−१)^डी हे चिन्ह (डी म्हणजे पदाचा क्रम) स्ट्रिंगच्या, म्हणजे नॉन-पर्टर्बेटिव्ह, भागात घालायचं राहिलं होतं. आता ध्रुव जातात आणि मागे ई × एक्स्प(−३ई) अशा जातीचं पद उरतं, म्हणजे वजाबाकी मार्गी लागली. बोगद्याचं चित्र कोणी नीट समजावेल का? ह-बारच्या जागी ४ पाय²/ह-बार असलेला, पहिल्याशी कम्यूट होणारा (म्हणजे दोघांचा क्रम बदलला तरी फरक न पडणारा) दुसरा ऑपरेटर असतो म्हणे. त्याच्याच नजरेतून बघायचं का?