मदत हवी आहे: वडिलांच्या बत्तीस बोअर पिस्तुलाची स्लाइड नीट थांबत नाही. ठेवू की विकून रिव्हॉल्व्हर घेऊ?

चाकणरोड
नमस्कार मंडळी. जरा लवकर उत्तर हवंय, शनिवारी एक जण पिस्तूल बघायला येतोय.
वडिलांचं बत्तीस बोअरचं पिस्तूल ते गेल्यानंतर माझ्या परवान्यावर आलं. रविवारी नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा चालवलं. एकूण १६ राउंड, म्हणजे गोळ्या. शेवटचा राउंड सुटल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागेच राहायला हवी ना? ती राहत नाही, सरळ पुढे येऊन बसते आणि मी रिकामाच चाप ओढत बसतो. हाताने मागे ओढली की कधी अडकते, कधी नाही. आणि अडकली की सोडायची कशी तेच कळत नाही, कुठे खटका म्हणून नाही. शेवटी तिथल्या सरांनी सोडवून दिली.
पेट्रोल पंपाची रोकड घेऊन रात्री कोथरूडला यायचं असतं, हत्यार भरवशाचं पाहिजे. हे दुरुस्त होतं का? की विकून दुसरं घेऊ, आणि घेतलं तर कोणतं?

खडकीवाला
पिस्तूल कोणतं आहे? बत्तीस बोअर हे मापाचं नाव झालं. स्लाइडच्या डाव्या बाजूला काय कोरलंय ते लिहा. हत्याराचा नंबर मात्र इथे टाकू नका.

मावळचा_गडी
डोळे झाकून विका. रिव्हॉल्व्हरला स्लाइडच नसते, अडकणार काय? माझ्याकडे कानपूरचं आहे, दहा-बारा वर्षं झाली, एकदाही तक्रार नाही. एखादी गोळी नाही फुटली तर परत चाप ओढायचा, पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात तेवढ्यासाठी दोन्ही हात लागतात.

चाकणरोड
वाल्थर लिहिलंय, पुढे पीपी आणि ७.६५. पण माझा प्रश्न कंपनीबद्दल नाही, स्लाइडबद्दल आहे.

खडकीवाला
दादा, प्रश्न कंपनीचाच आहे. म्हणून तर विचारलं.
वाल्थर पीपी हे १९२९ सालचं डिझाइन. त्याला स्लाइड सोडायचा बाहेरचा खटका मुळातच नाही. तुमचं काही तुटलेलं नाही. स्लाइड मागे अडकली की मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं, स्लाइड किंचित आणखी मागे ओढायची आणि सोडून द्यायची. भरलेलं मॅगझिन घालून ओढलंत तरी सुटते, फक्त तेव्हा राउंड चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात, जातो हे ध्यानात ठेवा. रिकामं मॅगझिन आत असेल तर कितीही ओढा, पुन्हा अडकणारच, कारण त्याला तेच करायला सांगितलंय.
आता ती थांबते कशी ते बघा. मॅगझिनमध्ये गोळ्यांच्या खाली जी पट्टी असते, फॉलोअर, ती शेवटची गोळी गेल्यावर वर येते आणि आतल्या एका छोट्या पोलादी तुकड्याला वर ढकलते. तो तुकडा स्लाइडच्या आड येतो. सुटलेल्या काडतुसाची रिकामी केस बाहेर फेकणारा इजेक्टरही तोच, एकाच तुकड्याकडे दोन कामं. त्यामुळे दोष तीन जागी असू शकतो: मॅगझिनची स्प्रिंग किंवा फॉलोअर, तो तुकडा किंवा त्याची बारीक स्प्रिंग, नाहीतर स्लाइड पुरेशी मागे जातच नसणार.
हे सांगा: मॅगझिन किती आहेत, दोन्हींनी सारखंच होतं का, गोळ्या किती जुन्या आणि तेल कोणतं घालता?

हडपसर_एक्सप्रेस
उगाच घाबरवू नका त्यांना. आमच्या मामांकडे १९०३चं कोल्ट पिस्तूल होतं. त्याची स्लाइड शेवटच्या गोळीनंतर कधीच थांबायची नाही. गोळ्या मोजायच्या, झालं. हा दोष नसतोच.

खडकीवाला
कोल्टला ती सोयच नव्हती, म्हणून थांबायची नाही. बेरेटाच्या टॉमकॅट पिस्तुलालाही नाही. वाल्थर पीपीला आहे, त्यामुळे तिथे न थांबणं हा दोषच. एका पिस्तुलाचा अनुभव दुसऱ्याला कसा लावता?

काकू_कर्वेनगर
मला हत्यारातलं काही कळत नाही, पण वाचून राहवलं नाही. रात्री रोकड घेऊन एकट्याने यायचंच कशाला रे? आमच्या शेजारच्यांचाही पंप आहे, त्यांच्याकडे दुपारीच गाडी येऊन पैसे घेऊन जाते. बँकेत विचारून तर बघ.

चाकणरोड
काकू, बँकेशी बोलणं चालू आहे, पण सणाच्या दिवसांत तरी आणावी लागतेच.
खडकीवाला, मॅगझिन दोन आहेत. एक काळपट, एक चकचकीत. कशाने काय झालं ते रेंजवर लक्षात ठेवलं नाही. गोळ्या वडिलांच्याच, डब्यावर २०११ आहे. तेलाचं विचारलंत तर वडील दर दसऱ्याला पूजेआधी पुसून खोबरेल लावायचे. मीही तेच लावलं.

खडकीवाला
खोबरेल! हे आधीच सांगायला हवं होतं तुम्ही.
आत्ता पुण्यात पहाटे काय थंडी आहे बघा. बाथरूममधली खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही, तसंच ते स्लाइडच्या खाचेत थिजतं. वर्षानुवर्षं साचलं की त्याचा चिकट राप बसतो. पीपीची नळी पक्की बसवलेली असते आणि स्लाइड फक्त स्फोटाच्या धक्क्याने मागे जाते. बत्तीसच्या राउंडला जोर आधीच बेताचा. त्यात गोळ्या इतक्या जुन्या, खाचेत राप, म्हणजे स्लाइड केस फेकण्यापुरती मागे जाते, पण थांबण्याच्या जागेपर्यंत पोचत नाही.
घरी एवढं करा. सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळी घालून चाचपा. नळीचं तोंड भक्कम भिंतीकडे. मग रिकामं मॅगझिन घालून स्लाइड हाताने पूर्ण मागे ओढून सोडा. प्रत्येक मॅगझिनने दहा-दहा वेळा, आणि आकडा लिहून ठेवा. हाताने नेहमी थांबत असेल तर दोष तेलाचा किंवा गोळ्यांचा. एकाच मॅगझिनने चुकत असेल तर मॅगझिनचा. दोन्हींनी चुकत असेल तर आतल्या तुकड्याचा.

भोसरी_टूलरूम
मॅगझिनचा फॉलोअर झिजला असेल तर माझ्याकडे घेऊन या. वायरकट मशीनवर तासाभरात नवा काढून देतो, मूळ जर्मनपेक्षा मापात बसेल.

मावळचा_गडी
हे भारी! एमआयडीसी जवळ असल्याचा फायदा.

खडकीवाला
अजिबात नेऊ नका. १९५९च्या शस्त्र कायद्यात हत्याराच्या सुट्या भागांनाही हत्यारच धरलंय, आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. भोसरीवाल्यांच्या हातात कसब असेल, त्याबद्दल शंका नाही. पण या कामात दोघंही अडचणीत याल. शस्त्रविक्रेत्याकडे परवानाधारक कारागीर असतो, त्यालाच द्या.

भोसरी_टूलरूम
ठीक. मला वाटलं मॅगझिन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

ऊसवाला
चाकणच्या पुढे आमच्याकडे बिबट्यांनी जीव नकोसा केलाय. राजगुरुनगर ते जुन्नर, कुठल्याही उसात बघा. त्यासाठी पिस्तूल बरं की बारा बोअरची बंदूक?

काकू_कर्वेनगर
अरे, बिबट्यावर गोळी झाडायची नसते! १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. वनखात्याला कळवा, पिंजरा लावतात. आणि रात्री पाणी द्यायला एकटे जाऊ नका, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून जा.

हडपसर_एक्सप्रेस
मूळ प्रश्न राहिला बाजूला. चाकणरोड, दोन्ही ठेवा की! पिस्तूल वडिलांची आठवण म्हणून, आणि रिव्हॉल्व्हर कामाला. गोळ्या पण त्याच चालतील, दोन्ही बत्तीसच.

खडकीवाला
नाही!! हे वाचून कुणी खरंच करून बसेल. पिस्तुलाच्या काडतुसाची केस १७ मिलिमीटरची. इथल्या बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरला स्मिथ अँड वेसन लाँग लागतं, ते लांब असतं आणि त्याच्या बुडाची कडही मोठी. डब्यावर बत्तीस लिहिलंय म्हणून एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही.

चाकणरोड
दोन्ही ठेवता येणार नाहीत. गावाकडे आजोबांची बारा बोअर आहे, तीही माझ्याच परवान्यावर.

मावळचा_गडी
मग झालंच. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एकाला दोनच हत्यारं. पिस्तूल द्या, प्रबळ नावाचं रिव्हॉल्व्हर घ्या. सरकारी कंपनीने २०२३ला काढलंय, चक्री बाजूला उघडते, भरायला सोपं.

खडकीवाला
मावळकर, एका बाबतीत तुमचं मला पटतं. वर्षातून एकदा-दोनदा रेंजवर जाणाऱ्या माणसाला रिव्हॉल्व्हर सोपं. डोकं चालत नसतानाही हात ते चालवू शकतो. पण शनिवारची घाई कशाला? चाकणरोड, येणाऱ्याकडे परवाना आहे का, आणि तुम्ही पोलिसांना लेखी कळवलंय का? आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर कळवल्यापासून ४५ दिवस जावे लागतात. घरी बोलावून दाखवू तर मुळीच नका. शनिवारी काहीच ठरणार नाहीये, तेव्हा आधी दोष शोधा.

चाकणरोड
४५ दिवसांचं माहीत नव्हतं. त्या माणसाला फोन करून येऊ नको म्हटलंय.
तपासणी केली. काळपट मॅगझिन: दहापैकी दहा वेळा थांबली. चकचकीत: दहापैकी तीन. मग दोन्ही शेजारी ठेवून भिंगाने पाहिली. काळपटच्या फॉलोअरला मागे सरळ धार आहे. चकचकीतचा तोच कोपरा गोल झालाय, आणि अंगठ्याने दाबला तर सावकाश वर येतो. त्याच्यावर कंपनीचं नावही नाही.
स्लाइड काढली तर खाचांमध्ये पांढरट-पिवळा मेणासारखा थर. आगकाडीने खरवडला तर वळी निघाली. वडिलांचाच हात लागलेलं तेल होतं ते, पुसताना थोडा वेळ थांबलोच.

खडकीवाला
म्हणजे दोन दोष एकावर एक बसले होते. म्हणून रेंजवर चांगल्या मॅगझिननेही दगा दिला. चकचकीत मॅगझिन बाजूला ठेवा, त्यावर खूण करा. हत्यारांसाठी मिळतं ते पातळ तेल आणा, खाचेत दोन थेंब पुरे. चेंबरमध्ये तेल नको. नवीन गोळ्या घेऊन पुन्हा रेंजवर जा. भरताना एक बघा: या काडतुसाची कड किंचित बाहेर असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली की पिस्तूल तिथेच अडतं. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या पुढे बसली पाहिजे.

चाकणरोड
रेंजवरून आत्ताच आलो. नवीन डबा, काळपट मॅगझिन, तीन वेळा आठ-आठ. तिन्ही वेळा स्लाइड मागे थांबली. सोडतानाही अडचण आली नाही. चकचकीत विक्रेत्याकडच्या कारागिराला दाखवलं. तो म्हणाला दुरुस्तीत अर्थ नाही, मूळचं मिळालं तर कळवतो.
पिस्तूल ठेवतोय. रोकडीसाठी मात्र काकूंचं ऐकलं, पुढच्या महिन्यापासून बँकेची गाडी येणार आहे.
एकच राहिलं. वडिलांनी पिस्तूल कायम एका चामड्याच्या पाकिटात, गोदरेजच्या कपाटात ठेवलं. त्यातच ठेवू का?

खडकीवाला
चामडं दमट हवा धरून ठेवतं. पावसाळ्यात आतल्या आत गंज चढेल. पिस्तूल तेलाचा हात फिरवलेल्या सुती कापडात, गोळ्या वेगळ्या कुलपात. पाकीट तसंच राहू द्या कपाटात.

मावळचा_गडी
मी अजूनही सांगतो, प्रबळ एकदा हातात धरून तर बघा.